अडुळशावर पाणी कुणी मारलं

एका सोमवारी सकाळी माझ्या नातीच्या प्रयोगशाळेत उघडकीला आलं, की जंतू मारायला म्हणून आमच्या निर्मळच्या वाडीतून नेलेला अडुळसा जंतू मारत नाहीये, वाढवतोय. बरं, वाढवतोय तो किती? ज्या ताटलीत तिने एकही जंतू सोडला नव्हता, नुसता पानांचा रस ठेवला होता, तिच्यातसुद्धा चार-पाच दिवसांत पिवळे ठिपके उठले. हळदीकुंकवाला न बोलावता यावं आणि वर वाणही मागावं, तसे.

तिने मला फोन केला. रडत नव्हती. ती रडत नाही, नाक ओढते.

"आजी, तू पानं धुतलीस?"

"नाही गो."

"शपथ?"

"तुझ्या आजोबांची."

"आजोबांची नको. स्वतःची घे."

मी स्वतःची घेतली, आणि अगदी खरी घेतली. पानं मी धुतली नव्हती. शपथ घेताना माझा आवाज इतका ठाम होता की आमचे हे पेपर खाली करून माझ्याकडे बघत राहिले. ते बोलले असते तर पुढचा दीड महिना वाचला असता.

ही नात म्हणजे माझ्या धाकट्या मुलाची मुलगी. विरारला राहते आणि मुंबईच्या एका संस्थेत पीएच.डी. करते. तिचे जंतू क्षयाच्या कुळातले, पण क्षय न करणारे. त्यांचं इंग्रजी नाव एवढं लांब आहे, की ते म्हणून होईस्तोवर रोगी घरी जाऊन जेवून येईल. म्हणून मी त्यांना क्षयाचे चुलते म्हणते. हे चुलते पाण्यात असतात, मातीत असतात, नळाच्या तोटीत, शॉवरच्या चाळणीत असतात. तुमच्या-माझ्यासारख्यांना बहुतेक वेळा काहीच करत नाहीत. पण कुणाचं फुप्फुस आधीच दुबळं झालेलं असलं, किंवा ऑपरेशनच्या जखमेत ते शिरले, तर मग वर्षभर, दीड वर्ष गोळ्या. पुष्कळदा डॉक्टरही त्यांना क्षय समजतात आणि क्षयाची औषधं देतात. चुलते त्या औषधांना नीट जुमानत नाहीत.

अडुळशात एक कडू द्रव्य असतं. वासिसीन म्हणतात त्याला, जातीने अल्कलॉइड. हे कडू द्रव्य एखाद्या जुन्या औषधाच्या जोडीला दिलं तर चुलत्यांवर त्या औषधाचा जोर वाढतो का, हे नात बघत होती. द्रव्य बाटलीत विकत मिळतं. त्याचं काम तिने केलं होतं. पण झाडावरच्या पानात ते किती असतं, कोणत्या महिन्यात जास्त, घरोघरी काढतात तशा साध्या रसात कितपत उतरतं, हे प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण होतं. त्यासाठी तिला महिन्यामागून महिने त्याच त्या झुडपांची पानं हवी होती. झुडपं आमच्या कुंपणात.

"म्हणजे तू औषध काढणार?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"औषध नाही, आजी. ताटलीत काय होतं ते फक्त बघायचं."

"आणि माणसाला कधी द्यायचं?"

"मी तुझ्याएवढी झाले की विचार."

"बरं. थांबते मी."

कुंपणातल्या अडुळशाशी माझं नातं जुनं आणि वाईट आहे. एकोणीस वर्षांची मी वटारहून लग्न होऊन निर्मळला आले. अंतर इतकं, की सायकलवर मागे बसवून आणली असती तरी चाललं असतं. पण मी विलायतेहून आल्यासारखी वागत होते. मॅट्रिक पास होते ना. दुसऱ्या खेपेला झाले होते, हे मात्र सासरी पंचवीस वर्षं कुणाला कळू दिलं नाही. सासूबाई कुणीही खोकलं की अडुळसा, आलं, मिरी आणि गुळाचा काढा करायच्या. मी तो हातात घेऊन मागच्या दारी जायची आणि केळीच्या आळ्यात ओतून, तोंड वाकडं करून परत यायची. तोंड वाकडं करण्यात माझा हात कुणी धरला नसता. आमच्या आळीत खोकला न होणारी ती एकच केळ असेल.

पुढे मला त्या कुंपणाचीच लाज वाटू लागली. कुणाकडे तरी मासिकात रंगीत फुलांचं कुंपण पाहिलं होतं. एका दुपारी सासूबाई निजल्या होत्या तेव्हा मी सात झुडपं उपटली आणि त्या जागी जास्वंदी लावल्या. लाल, गुलाबी, पिवळ्या. अडुळशाला बकरी तोंड लावत नाही, म्हणून तो तिथे लावलेला असतो, एवढं मॅट्रिकच्या अभ्यासात नव्हतं. आठ दिवसांत बकऱ्यांनी जास्वंदी खाल्ल्या. मग त्या खिंडारातून आत येऊन वाल खाल्ला, पडवळाचा वेल खाल्ला आणि वाळत घातलेल्या माझ्या नव्या साडीचा काठ खाल्ला. सासूबाई ओरडल्या नाहीत. खिंडाराकडे बोट दाखवून एवढंच म्हणाल्या, "आता झाडं उगवेपर्यंत तू उभी राहा तिथे." आणि मी खरंच दोन संध्याकाळी काठी घेऊन उभी राहिले. दुसऱ्या संध्याकाळी वटारचे माझे वडील सहज भेटायला आले, आणि लेकीला कुंपणात पाहून आल्या पावली परत निघाले.

तर त्याच कुंपणातल्या बारा झुडपांना नातीने रंगीत दोरे बांधले आणि मला सूचना दिल्या. पानं सकाळी तोडायची. धुवायची नाहीत, धुणं, पुसणं, वाळवणं सगळं ती तिथे तिच्या ठरल्या पाण्याने करणार. वर्तमानपत्रात गुंडाळायची, कागदाच्या पिशवीत घालायची, थोरल्या मुलाच्या हाती द्यायची. तो कामावर जाताना विरारला तिच्याकडे देणार. पहिल्या तीन खेपांना ती स्वतः येऊन तोडून घेऊन गेली. ताटल्या छान आल्या. पुढे तिचं काम वाढलं आणि तोडणीची जबाबदारी माझ्यावर आली. मला तर पदवीच मिळाल्यासारखं झालं. चौथी खेप मी पाठवली. पाचवीही मी पाठवली. त्या दोन्ही खेपांच्या रसात पिवळे ठिपके.

पानं ओलसर लागली होती, असं ती नंतर म्हणाली. तिला वाटलं, दव असेल. आणि रस गाळताना बारीक गाळणी लावली तर कडू द्रव्य तिच्यातच अडकतं, म्हणून तिने त्या वेळी जाड गाळणी वापरली होती. ही चूक तिची. तिने स्वतः कबूल केली आहे, म्हणूनच इथे लिहिते. सगळं माझ्याच माथी नको.

तिच्या मार्गदर्शक मॅडम बारीक चणीच्या, घट्ट अंबाडा घालणाऱ्या. त्यांनी ठिपके पाहिले आणि म्हणाल्या, हा जंतू आपला नाही, बाहेरून आलेला आहे. कुळ तेच, घर वेगळं. मग तो आला कुठून? आधी संशय प्रयोगशाळेच्याच पाण्यावर आला, कारण या चुलत्यांची ती जुनी खोड असते म्हणे. नळाच्या तोट्या काढल्या. पाण्याची भांडी उकळली. कपाटं पुसली. बाकीच्या सगळ्या पोरांची कामं चार दिवस बंद पडली. त्यांतला एक पोरगा लग्न पुढे ढकलून काम करत होता. त्याने त्या चार दिवसांत लग्न उरकून घेतलं. सगळं चकचकीत झालं, नव्याने ताटल्या ठेवल्या, आणि शिल्लक ठेवलेल्या पानांच्या रसातून पुन्हा तेच पिवळे पाहुणे.

मग मॅडमनी नातीला समोर बसवून सांगितलं. समितीपुढे काम दाखवायला दोन महिने आहेत. पानांची अजून एकच खेप करायची. ती स्वच्छ निघाली तर ठीक. नाही निघाली, तर पानांचं प्रकरण गाळायचं आणि त्या जागी दुसरं काहीतरी उभं करायचं. म्हणजे अजून दीड-दोन वर्षं. तिने तीन वर्षं या अडुळशात घातली होती. आमच्याकडे येऊन ओट्यावर बसली, नाक ओढलं आणि म्हणाली, "आजी, कुंपणातच काहीतरी आहे."

"कुंपणात अडुळसा आहे," मी म्हटलं. तेव्हा मला हे चोख उत्तर वाटलं होतं.

पुढच्या रविवारी मॅडम स्वतः आल्या. नात आणि मॅडम, दोघींच्या तोंडाला पांढरी फडकी, हातात मोजे, आणि खांद्याला लटकवलेली बर्फाची पेटी. आळीत आधी बातमी पसरली की आमच्या वाडीत मासळीवाली आली. पाहुण्या येणार म्हणून मी ओटा झाडून घेतला होता, खुर्च्या मांडल्या होत्या, फुलांच्या पाण्याची बादली उचलून मागच्या दारी नेऊन ठेवली होती. बघा, कशी व्यवस्थित मी.

मॅडमनी नळाचं पाणी घेतलं. पंपाचं घेतलं. टाकीचं घेतलं. कुंपणाखालची माती घेतली. आमच्या ह्यांचे वर्तमानपत्रांचे गठ्ठे बघून तारखा लिहून घेतल्या आणि चार पानं कापून नेली. ह्यांनी फक्त शब्दकोड्याचं पान देत नाही म्हणून सांगितलं. मग मॅडम माझ्याकडे वळल्या.

"आजी, हात दाखवा."

मी दाखवले. त्यांनी माझ्या दोन्ही तळव्यांवरून कापसाची काडी फिरवली. माझे हात आयुष्यात एवढ्या आदराने कुणी हाती घेतले नव्हते.

"आता या डबीत थुंकी हवी."

मी थुंकले.

"अशी नको आजी. खोकून, छातीतून आलेली."

"छातीतून कुठून आणू? मला खोकलाच नाही."

"प्रयत्न करा."

मी ओट्यावर उभी राहून खोकण्याचा प्रयत्न करू लागले. खोटं खोकणं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मला फार छान यायचं. काम टाळायला लागायचं. आता ऐनवेळी जमेना. आतून आमचे हे म्हणाले, "अगं, पाणी देऊ का?" आणि मी त्यांच्यावर ओरडले, त्या ओरडण्यात थोडासा खोकला आला आणि डबी भरली.

वयाचा विचार करून मॅडम म्हणाल्या, छातीचा फोटोही काढून घ्या. मी वसईला जाऊन काढला. स्वच्छ होता. डबीतही काही निघालं नाही. पण तोवर आळीत ठरून गेलं होतं की मला क्षय झाला आहे आणि मुंबईहून सरकारी माणसं येऊन गेली. शेजारची बाई तीस वर्षं रोज माझ्याकडे चहाला येते. ती आली, ओट्याखाली उभी राहिली आणि म्हणाली, "नको वयनी, आज उपास आहे." मंगळवारी उपास, बुधवारी उपास, गुरुवारी उपास. शुक्रवारी मी तिला म्हटलं, "एवढे उपास केलेस तर तुलाच काहीतरी होईल." तेव्हा आली वर.

मी हसत होते खरी, पण ते उपास मला लागले होते, आणि का लागले ते मला माहीत होतं. सासूबाईंना शेवटची चार वर्षं खोकला होता. क्षय म्हणून औषध चाललं, वर्षभर चाललं, खोकला तसाच. त्या वेळी मी शहाणी सून. मी त्यांचा कप वेगळा केला. निळ्या दांडीचा. त्यावर कुणाचा हात पडू नये म्हणून फडताळात वरच्या फळीवर ठेवायची, आणि मुलांना त्यांच्या खोलीत जाऊ द्यायची नाही. आरोग्याच्या पुस्तकात तसंच लिहिलं होतं, आणि त्या काळात माझा छापील अक्षरावर भारी विश्वास. त्या रविवारी मॅडम गेल्यावर मी नातीला सहज विचारलं, तुझ्या पणजीला काय झालं असेल गो? ती म्हणाली, आता कोण सांगणार. क्षयही असेल. पण औषध चालूनही वर्षभर खोकला तसाच राहिला म्हणतेस, तर कदाचित हेही असेल. तेव्हा तपासलं कुणी असतं? आणि हे असेल तर, आजी, हे माणसातून माणसाला सहसा जात नाही.

सहसा जात नाही. कप उगाच वेगळा केला असेल, किंवा बरोबरही केला असेल. मला कळायचा मार्ग नाही. सासूबाई त्या कपातून चहा प्यायच्या आणि कप रिकामा झाला की माझ्याकडे न बघता खाली ठेवायच्या.

मॅडमनी नेलेल्या पाण्या-मातीच्या तपासणीत चुलते निघाले, अर्थात निघाले, ते सगळीकडेच असतात. पण ते पिवळे नव्हते. मातीतले वेगळे, टाकीतले वेगळे. पिवळ्यांचं घर सापडेना. समितीला तीन आठवडे राहिले. शेवटच्या खेपेची वेळ आली.

नात आदल्या संध्याकाळीच वस्तीला आली. सकाळी उठून म्हणाली, "आजी, आज मी हात लावणार नाही. तू नेहमी जसं करतेस तसंच कर. मी नुसती बघते."

"बघ की. शिक जरा."

मॅडमही आल्या होत्या. त्यांना खुर्ची दिली. या वेळी पाहुणचाराची घाई नव्हती, म्हणून सगळं जिथल्या तिथे होतं. मी पदर खोचला आणि कुंपणाशी गेले. दोरे बघून पानं तोडली, एका झुडपाची वीस, ना कमी ना जास्त. बोलत होते, हसत होते, प्रेक्षक असले की मला जरा चढतंच. ओट्यावर येऊन बसले. पानांची जुडी बांधली. वर्तमानपत्र पसरलं. जुडी त्यावर ठेवली. आणि मग म्हटलं, "झालं. आता गुंडाळायची. यात काय आहे मोठंसं?"

मॅडम उभ्या राहिल्या होत्या. नातीने दोन्ही हात तोंडावर धरले होते.

"काय झालं?"

"आजी, हे काय केलंस?"

"काय केलं?"

"आत्ता. हे."

"कुठे काय? जुडी बांधली."

"बांधल्यावर."

"बांधल्यावर काही नाही."

"आजी, तुझ्या हाताकडे बघ."

मी हाताकडे बघितलं. उजव्या हाताच्या बोटांवरून पाणी ठिबकत होतं. शेजारी बादली होती. जुडीवर थेंब चमकत होते. आता तुम्ही हसा, पण तरीही मी म्हटलं, "हे कुणी मारलं?"

ज्यांना आमच्याकडची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या वाड्यांमध्ये बावखलं असतात, म्हणजे पूर्वजांनी खणलेली गोड्या पाण्याची तळी. आमच्याकडून मुंबईच्या बाजाराला फुलं जातात, अळू जातं, केळीची पानं जातात. जे काही जुडी बांधून घराबाहेर जाईल, त्याच्यावर जाताना बावखलाचं पाणी मारायचं. बोटं बुडवायची आणि तीन वेळा झटकायची. बाजारात माल टवटवीत दिसतो. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला हे शिकवलं. मी अतिशहाणी, तीनदा झटकण्यापेक्षा बुडवूनच काढलं तर जास्त टवटवीत, असा हिशेब करून अख्खी मोगऱ्याची टोपली बादलीत बुडवली. दादरला पोचेपर्यंत त्या कळ्यांना ओल्या फडक्याचा वास येत होता. त्यानंतर मात्र हाताला तीन म्हणजे तीनच झटके बसले, ते इतके पक्के बसले की पन्नास वर्षांत मला ते दिसायचेच बंद झाले. पापण्या लवतात तेव्हा आपण कुठे मोजतो?

मी आत बघून ओरडले, "अहो! मी पाणी मारत होते का हो?"

आमचे हे शब्दकोड्यातून मान न काढता म्हणाले, "मारतेसच की. रोज मारतेस."

"मग सांगितलं का नाहीत?"

"कुणी विचारलं मला?"

"त्या दिवशी ही फोनवर शपथ घ्यायला लावत होती तेव्हा?"

"तिने विचारलं, धुतलीस का. तू धुतली नव्हतीस."

मॅडम पुन्हा खुर्चीत बसल्या. हसत होत्या की काय, कळेना, फडकं होतं तोंडावर. मग फडकं काढलं. हसतच होत्या. नात मात्र हसत नव्हती. तिची शेवटची खेप माझ्या तीन झटक्यांनी भिजून ओट्यावर पडली होती. "आता?" ती म्हणाली, एवढंच.

"आता दुसरी जुडी," मॅडम म्हणाल्या. "झुडपं आहेत, पानं आहेत. आणि ही भिजलेलीही फेकू नका. बादलीतलं पाणीही घ्या."

दुसऱ्या जुडीच्या वेळी मीच नातीला सांगितलं, माझ्या हातांचा भरवसा नाही, बांध. ती नको नको म्हणत होती. मी तिच्या ओढणीने दोन्ही हात मागे बांधून घेतले आणि ओट्यावर बसून सूचना देत राहिले. पानं तिने तोडली, जुडी तिने बांधली, कागदात तिने गुंडाळली. जुडी कागदात शिरली त्या क्षणी मागे बांधलेला माझा उजवा हात ओढणीत वळवळला. खरं सांगते. तीन वेळा. नेमकी त्याच वेळी शेजारची बाई चहाला आली, मला हात बांधलेली आणि दोन फडकीवाल्या बायांना समोर पाहून तिला पुन्हा उपास आठवला.

कोरडी जुडी स्वच्छ निघाली. नुसत्या रसाच्या ताटलीत काही उठलं नाही. पिवळे पाहुणे बादलीतून, म्हणजे आमच्या बावखलातून आले होते, हेही सिद्ध झालं. आणि कडू रसाचं काय, असं मी फोनवर विचारलं तेव्हा नात इतकी खुशीत होती की मला वाटलं, आता जगातले सगळे चुलते मेले.

"रस एकटा मारत नाही आजी. थोडे मंदावतात. पण जुन्या औषधाबरोबर दिला तर औषध निम्मंच लागतं."

"निम्मं? बस्स?"

"निम्मं म्हणजे पुष्कळ झालं!"

"आणि आमचे? बावखलातले?"

तिने नाक ओढलं. "त्यांना काहीच होत नाही. ना रसाने, ना दोन्ही मिळून."

मला, का कोण जाणे, अभिमानाने भरून आलं. "बघ!" मी म्हटलं.

"आजी, ही वाईट गोष्ट आहे."

"असेल. पण पाणी आमचं आहे."

मॅडमनी ते पिवळे फेकू दिले नाहीत. बाटलीत राहून मऊ झालेल्या जंतूंवर औषध चालतं, पण बाहेरच्या रांगड्यांवर चालत नाही, हे कळलं तर प्रकरण पडत नाही, उलट खरं होतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून तक्त्यात एक रकाना वाढला. आमचे पिवळे आता त्या संस्थेत कडाक्याच्या थंडीत, लेबल लावलेल्या नळीत, गोठून पडलेले आहेत. आमच्या घराण्यातलं एवढ्या मोठ्या संस्थेत कायमचं नोकरीला लागलेलं नातीच्या आधीचं हेच कोणीतरी.

समितीच्या दिवशी मी सकाळपासून काही खाल्लं नाही. त्यात भक्ती नव्हती, नुसती भीती होती. त्या पोरीच्या आयुष्यातली दीड-दोन वर्षं माझ्या बोटांच्या टोकांवर होती, आणि ती मी बादलीत बुडवून झटकून टाकली असती. दुपारी तिचा फोन आला.

"राहिलं."

"काय राहिलं?"

"प्रकरण राहिलं आजी! रकान्यासकट. एका सरांनी विचारलं, या पानांवर बाहेरचं पाणी आलं कसं?"

"मग? माझं नाव सांगितलंस?"

"नाव कशाला. म्हटलं, स्थानिक हाताळणीची पद्धत. त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं."

मी फोन ठेवला आणि ह्यांना आत जाऊन सांगितलं, की स्थानिक हाताळणीची पद्धत आता जेवणार आहे, तिच्यासाठी पान वाढा.